पाठराखीण

बाल्कनीत सहा मिरच्या आहेत.
दोन रंगाच्या डब्यांत, एक फुटक्या कुकरमध्ये,
बाकीच्या रीतसर कुंड्यांत.
बी खोल्याचं. शाळेतल्या शिपाईबाईनं
रुमालाच्या गाठीत बांधून दिलेलं,
मी निवृत्त झाले त्या दिवशी, नारळाबरोबर.

फोंड्यात, तिसऱ्या मजल्यावर, ऊन साडेनऊला येतं
आणि दीडला बँकेच्या पाटीमागं जातं.
तेवढ्यावर मिरची वाढते.
वाढत होती.
मग एका सकाळी शेंड्याची पानं आत वळलेली दिसली,
कुणी काही लागेल असं बोलून गेल्यासारखी.

नर्सरीतल्या इनासनं पान उलटं केलं,
चष्मा कपाळावर चढवला.
'बाये, मिरसांग एकली दवरूं नाका.'
आणि गोंड्याची दोन रोपं पिशवीत घातली.
पैसे एकाचेच घेतले.

मी फुलं लावत नाही.
फूल म्हणजे बाजारातलं, पानात बांधून आणलेलं,
देवापुढं जाणारं.
कुंडीत जागा अडवायची तर पोटात जाणाऱ्यानं अडवावी.
तरी लावली. कुकराच्या डाव्या-उजव्या हाताला.

नाताळाचं नक्षत्र समोरच्या गॅलरीत चढलं
त्याच आठवड्यात गोंडा फुलला.
एक मधमाशी, तीन मजले चढून, कुठून आली देव जाणे,
गोंड्यावर बसली, पाय पुसले,
आणि मग मिरचीच्या त्या पांढऱ्या फुलात शिरली,
जे नेहमी मान खाली घालूनच असतं.

मला बरं वाटलं. दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी गोंड्याचा देठ काळा.
हात लावला तर काळेपणा चालायला लागला.
मावा.
मिरची मात्र स्वच्छ, नवी पानं उघडून उभी.
इनासला फोन केला.
'त्याकच तर,' तो म्हणाला, 'पयलीं ताका खातात.'
त्यासाठीच तर. आधी त्याला खातात.

मी नऊ वर्षांची होते.
कुमूताईबरोबर पेडण्याहून सांग्याला गेले,
बसनं, बोटीनं, परत बसनं,
मांडीवर तिची पत्र्याची पेटी.
पाठराखीण म्हणून.
मला वाटलेलं, मान असतो.
दूध उतू गेलं, मी पाहत नव्हते म्हणून.
तांदळात खडा निघाला, मी बडबडत होते म्हणून.
तिची सासू माझ्याकडं बघून बोलायची
आणि ताई चुलीपाशी जाळ नीट करत राहायची.
मला काही झालं नाही. मी लहान होते,
लहानांना लागत नाही, परकरात पुसून टाकतात.
मग बाबा न्यायला आले.
तिनं मला वेणी घालून दिली, फार घट्ट,
दोन दिवस कपाळ ओढत होतं.

पुढच्या चतुर्थीला ती माहेरी आली
तेव्हा बोलताना खांदे आत घ्यायची.
कुणी पान उलटून पाहिलं नाही.

आज कुकरातली पहिली मिरची लाल झाली.
करंगळीएवढी, जिभेवर ठेवली तर
डोळ्यांनाच आधी कळावी अशी.
सांग्याला फोन लावला.
ताईला आता एकाच कानानं ऐकू येतं.
'मिरच्या धरल्या,' मी ओरडून सांगितलं.
'आणि फुलं?'
'फुलं आहेत. खाल्लीत जरा किड्यांनी.'
बराच वेळ फक्त तिच्याकडचा पंखा ऐकू आला.
मग म्हणाली,
'तेव्हा तू आठच दिवस राहिलीस.'

साबणाचं पाणी केलं.
गोंड्याचा एकेक देठ बोटांत धरून पुसला,
मिरचीला नंतर पाणी घातलं.
बोटं धुवायची राहिली आणि डोळ्याला लागली.